गुरुत्वीय लहरींची साक्ष आणि गुरुत्वाकर्षणाचे पर्यायी सिद्धांत

गुरुत्वाकर्षणाविषयीचा आईन्स्टाईनचा सिद्धांत बदलावा लागेल काय, हा प्रश्न गेली पंचवीस वर्षे विश्वरचनाशास्त्रात आग्रहाने विचारला जात आहे. वर्तमानपत्रांतून त्याचे पडसाद उमटतात ते मात्र दोन टोकांच्या मथळ्यांच्या रूपाने. एखाद्या महिन्यात ‘आईन्स्टाईन चुकला’ असे आपण वाचतो, आणि पुढल्याच महिन्यात ‘आईन्स्टाईन पुन्हा खरा ठरला’ असे वाचावयास मिळते. अशा मथळ्यांमागे नेमके काय घडलेले असते, सिद्धांत कसोटीला लावतात म्हणजे काय करतात, आणि कसोटीच्या निर्णयाची व्याप्ती कोठपर्यंत असते, हे ज्यांना वर्गात किंवा मंडळीत इतरांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात त्यांनी तरी समजून घेतले पाहिजे. या हेतूने प्रस्तुत लेखात आम्ही एकच उदाहरण सविस्तर घेत आहोत. ते आहे १७ ऑगस्ट २०१७ रोजी पृथ्वीवर नोंदल्या गेलेल्या एका गुरुत्वीय लहरीचे. त्या लहरीनंतर पावणेदोन सेकंदांच्या आत आलेल्या प्रकाशाच्या एका झोताने गुरुत्वाकर्षणाच्या कित्येक पर्यायी सिद्धांतांचा निकाल लावला. गणिती चिन्हांचा आश्रय न करता ही हकिकत सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

१. प्रश्नाचा उगम

नोव्हेंबर १९१५ मध्ये आईन्स्टाईनने व्यापक सापेक्षता सिद्धांताची समीकरणे मांडली. त्यांचा आशय थोडक्यात असा की, वस्तुमान आणि ऊर्जा यांच्यामुळे अवकाश-कालाला वक्रता येते आणि वस्तूंची व प्रकाशाची वाटचाल त्या वक्रतेला अनुसरून होते. विश्व स्थिर आहे अशी तेव्हाची सर्वसाधारण समजूत होती. समीकरणांतून मात्र स्थिर विश्व निघेना. म्हणून १९१७ मध्ये आईन्स्टाईनने त्यांत एक जादा पद घातले, त्यास वैश्विक स्थिरांक म्हणतात. पुढे विश्व प्रसरण पावत असल्याचे निरीक्षणांवरून दिसून आले आणि १९३१ मध्ये त्याने ते पद सोडून दिले.

बेल्जममधील कॅथलिक धर्मगुरू व पदार्थवैज्ञानिक जॉर्ज लमेत्र यांनी मात्र ते सोडले नाही. विश्वाच्या प्रसरणाचा विचार त्यांनी १९२७ मध्येच मांडला होता. १९३४ मध्ये त्यांनी दाखवून दिले की, हे पद म्हणजे रिक्त अवकाशाची ऊर्जा होय आणि तिचा दाब ऋण आहे, असा त्याचा अर्थ लावता येतो. त्या काळी या विचाराकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १९९८ मध्ये दूरच्या अतिनवताऱ्यांच्या तेजस्वितेचे मापन करणाऱ्या दोन स्वतंत्र गटांना असे आढळले की, विश्वाचे प्रसरण मंदावत नसून त्याचा वेग वाढत आहे. या शोधास २०११ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि लमेत्र यांनी जपलेले पद पुन्हा विश्वरचनाशास्त्राच्या केंद्रस्थानी आले.

आजच्या प्रचलित हिशेबाप्रमाणे विश्वातील एकूण ऊर्जेपैकी सुमारे ५ टक्के भाग आपल्या परिचयाच्या पदार्थाचा, सुमारे २७ टक्के कृष्णद्रव्याचा आणि उरलेला सुमारे ६८ टक्के भाग प्रसरणाला गती देणाऱ्या कृष्ण ऊर्जेचा आहे. कृष्ण ऊर्जा म्हणजेच वैश्विक स्थिरांक, असे मानले तर निरीक्षणे बहुतांशी जुळतात. अडचण अशी की, पुंज सिद्धांतावरून रिक्त अवकाशाच्या ऊर्जेचा सरळ अंदाज केल्यास तो निरीक्षित मूल्याच्या कितीतरी पट मोठा येतो. तो गुणक लिहावयाचा झाल्यास एकावर सुमारे १२० शून्ये द्यावी लागतील!

अशा अडचणीत शास्त्रज्ञांपुढे दोन मार्ग असतात. विश्वात आपणांस न दिसलेले काही द्रव्य किंवा ऊर्जा आहे असे मानावयाचे, किंवा गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलावयाचा. इतिहासात या दोन्ही मार्गांना यश आलेले आहे, आणि दोन्ही प्रसंगी एकच गणितज्ञ कामास लागला होता. युरेनस ग्रहाच्या कक्षेतील तफावतीवरून फ्रान्सच्या लव्हेर्ये याने एका अज्ञात ग्रहाचे स्थान वर्तविले, आणि १८४६ मध्ये बर्लिनच्या वेधशाळेत त्या स्थानाच्या अगदी जवळ नेपच्यून सापडला. येथे नियम खरा होता, द्रव्य अज्ञात होते. पुढे बुधाच्या कक्षेतही त्याला थोडी तफावत दिसली आणि १८५९ मध्ये त्याने तेथेही अज्ञात द्रव्य कल्पिले. त्या कल्पित ग्रहास व्हल्कन असे नावही मिळाले, परंतु तो कधीच सापडला नाही. बुधाच्या कक्षेतील शतकाला ४३ विकलांचे ते कोडे १९१५ मध्ये आईन्स्टाईनच्या नव्या नियमाने सुटले. कृष्ण ऊर्जेचे प्रकरण नेपच्यूनसारखे आहे की व्हल्कनसारखे, हाच आजचा प्रश्न होय.

२. पर्यायी सिद्धांतांचे स्वरूप

नियम बदलावयाचा तर कसा? आईन्स्टाईनच्या सिद्धांतात गुरुत्वाकर्षणाचा वाहक एकच आहे, तो म्हणजे अवकाश-कालाची भूमिती. बहुतेक पर्यायी सिद्धांत या भूमितीच्या जोडीला आणखी एक क्षेत्र आणतात. त्यांतील सर्वांत साधे म्हणजे अदिश क्षेत्र. खोलीतील प्रत्येक बिंदूला जसे एक तपमान असते, तसे विश्वातील प्रत्येक बिंदूला या क्षेत्राचे एक मूल्य असते, त्याला दिशा मात्र नसते. ब्रान्स आणि डिके यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या सिद्धांतात असे क्षेत्र गुरुत्वाकर्षणाची तीव्रता ठरविते. म्हणजे ज्यास आपण गुरुत्वस्थिरांक म्हणतो तो खऱ्या अर्थाने स्थिर राहत नाही. १९६४ मध्ये केंब्रिज येथे फ्रेड हॉइल आणि कोल्हापूरला जन्मलेले जयंत नारळीकर यांनी मॅकच्या तत्त्वाचा आधार घेऊन एक वेगळा गुरुत्वसिद्धांत मांडला. प्रत्येक कणाचे वस्तुमान हे विश्वातील इतर सर्व कणांच्या प्रभावाने ठरते, अशी त्यातील कल्पना होती. आईन्स्टाईनच्या सिद्धांताला पर्याय शोधणे हा काही केवळ अलीकडचा उद्योग नव्हे, हे यावरून दिसेल.

१९७४ मध्ये ग्रेगरी हॉर्नडेस्की यांनी या शोधाला शिस्त आणली. भूमितीच्या जोडीला एकच अदिश क्षेत्र घेतले आणि समीकरणे द्वितीय क्रमाची, म्हणजे भलत्या अस्थिरतेपासून मुक्त ठेवावयाची असे ठरविले, तर जास्तीत जास्त व्यापक असा सिद्धांत कोणता, हे त्यांनी सिद्ध केले. हॉर्नडेस्की पुढे पदार्थविज्ञान सोडून चित्रकार झाले, आणि त्यांचा तो निबंध सुमारे तीन दशके अडगळीत पडून राहिला. वेगवर्धित प्रसरणाचे कोडे उभे राहिल्यावर संशोधकांना त्याचे महत्त्व कळले. हॉर्नडेस्कीच्या रचनेत चार अनिर्बंध फलने आहेत. ती निरनिराळ्या प्रकारे निवडली की निरनिराळे सिद्धांत तयार होतात. त्यांतील कित्येकांत वैश्विक स्थिरांकावाचूनच प्रसरणाचा वेग वाढतो.

सूर्यमालेत मात्र अशा क्षेत्राचा मागमूस लागत नाही. २००३ मध्ये कॅसिनी यानाच्या रेडिओ संदेशांवरून सूर्याजवळील वक्रतेचे जे मापन प्रसिद्ध झाले, ते आईन्स्टाईनच्या भाकिताशी एक लक्षांशात दोन-तीन भाग इतक्या सूक्ष्मतेने जुळले. म्हणून पर्यायी सिद्धांतांना अशी तरतूद करावी लागते की, सूर्यमालेसारख्या दाट प्रदेशात नव्या क्षेत्राचा प्रभाव झाकला जावा आणि विश्वाच्या विस्तीर्ण अंतरांवर तेवढा तो प्रकट व्हावा. यामुळे त्यांची परीक्षा घेणे फार कठीण होऊन बसले होते. जेथे आपण मोजू शकतो तेथे ते दिसत नाहीत, आणि जेथे ते दिसावयाचे तेथे आपले मापन ढोबळ!

३. विक्षोभ म्हणजे काय?

या पेचातून मार्ग निघाला तो गुरुत्वीय लहरींमुळे. त्यासाठी विक्षोभ ही संकल्पना समजून घेतली पाहिजे. संथ तलावाच्या पाण्याचे पूर्ण वर्णन करणे अवघड आहे, परंतु त्याच्या पृष्ठभागावर उठणाऱ्या लहानशा तरंगाचे वर्णन सोपे असते, कारण तरंग लहान असल्यामुळे तो पाण्याची मूळ स्थिती बदलत नाही. याच रीतीने, एकंदरीने सारख्या असलेल्या प्रसरणशील विश्वाला पार्श्वभूमी मानून तिच्यावरील अतिसूक्ष्म चढउतारांचा जो अभ्यास करतात त्यास विक्षोभांचा अभ्यास म्हणतात. काही विक्षोभ द्रव्याच्या दाटीचे असतात, त्यांतून दीर्घिका निर्माण होतात. दुसऱ्या प्रकारचे विक्षोभ भूमितीचे स्वतःचे असतात. एका दिशेने अंतरे किंचित ताणली जातात तेव्हा तिच्याशी काटकोनातील दिशेने ती आकुंचन पावतात, आणि हा ताण पुढे पुढे सरकत जातो. यांस गणिताच्या भाषेत प्रदिश विक्षोभ म्हणतात. गुरुत्वीय लहरी त्या याच.

आईन्स्टाईनच्या सिद्धांतानुसार अशा लहरीचे समीकरण अगदी साधे आहे: ती प्रकाशाच्या वेगाने जाते आणि विश्वाच्या प्रसरणामुळे तिचा जोर हळूहळू कमी होतो. पर्यायी सिद्धांतात या समीकरणात चार ठिकाणी बदल संभवतो. पहिले ठिकाण वेगाचे: नव्या क्षेत्राच्या सान्निध्यात लहर प्रकाशाहून मंद किंवा जलद जाऊ शकेल. दुसरे ठिकाण क्षीणतेचे: गुरुत्वस्थिरांक काळाबरोबर बदलत असेल तर लहर अपेक्षेहून अधिक किंवा उणी क्षीण होईल. तिसरे ठिकाण वस्तुमानाचे: लहरीच्या वाहक कणाला वस्तुमान असेल तर कमी कंपनसंख्येच्या लहरी मागे पडतील. चौथे ठिकाण उगमाचे: इतर एखादे क्षेत्र वाटेत लहरीला ऊर्जा देऊ किंवा तिच्यापासून घेऊ शकेल.

द्रव्याच्या विक्षोभांवरूनही हे प्रश्न विचारता येतात, परंतु तेथे वायूंचे तापणे, ताऱ्यांचे स्फोट अशा अनेक गोष्टींची सरमिसळ होते. गुरुत्वीय लहर मात्र वाटेतील द्रव्याने जवळजवळ अबाधित राहते. तिची साक्ष म्हणूनच निर्भेळ असते. अडचण एवढीच की ती ऐकू येणे महाकठीण. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगोच्या दोन शोधकांनी प्रथमच गुरुत्वीय लहर प्रत्यक्ष नोंदली. ती दोन कृष्णविवरांच्या मीलनातून, सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवरून आली होती. शोधकाच्या चार किलोमीटर लांबीच्या बाहूत तिने घडविलेला बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या शतांशाहूनही कमी होता. त्या एका लहरीवरून वर सांगितलेल्या तिसऱ्या ठिकाणाविषयी बोध झाला: वाहक कणाला वस्तुमान असलेच तर ते इतके अल्प असले पाहिजे की त्याच्याशी निगडित तरंगलांबी दहा लाख कोटी किलोमीटरांहून, म्हणजे सुमारे एका प्रकाशवर्षाहून, अधिक भरावी. वेगाचा निर्णय मात्र झाला नाही. कृष्णविवरांच्या मीलनातून प्रकाश येत नाही, आणि शर्यतीत दुसरा स्पर्धकच नसेल तर तुलना कोणाशी करावयाची?

४. १७ ऑगस्ट २०१७

त्या दिवशी भारतीय वेळेप्रमाणे सायंकाळी सहा वाजून अकरा मिनिटांनी दुसरा स्पर्धक लाभला. लायगोच्या शोधकांत सुमारे शंभर सेकंद टिकलेली एक लहर नोंदली गेली. तिच्या स्वरूपावरून दिसले की, एकत्रित वस्तुमान सूर्याच्या सुमारे २.७ पट असलेले दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोवती फिरत फिरत अखेर एकत्र आले होते. लिव्हिंगस्टन येथील नोंदीत नेमका त्याच वेळी एक क्षणिक गोंगाट मिसळला होता, तो वेगळा काढावा लागला. मीलनाच्या क्षणानंतर १.७४ सेकंदांनी पृथ्वीभोवती फिरणाऱ्या फर्मी उपग्रहाने गॅमा किरणांचा एक लघु झोत टिपला. युरोपच्या इंटिग्रल उपग्रहानेही त्यास दुजोरा दिला.

इटलीतील व्हर्गो शोधक त्याच महिन्याच्या आरंभी कार्यास लागला होता. त्याच्या नोंदीत ही लहर अतिशय क्षीण होती, परंतु ती क्षीण असणे हेच उपयोगी पडले, कारण ज्या दिशांना व्हर्गो जवळजवळ बधिर असतो अशाच एखाद्या दिशेने लहर आली असली पाहिजे, असा तर्क करता आला. आकाशाचा शोध घ्यावयाचा भाग त्यामुळे लहान झाला, आणि सुमारे अकरा तासांनी चिलीमधील एका दुर्बिणीला वासुकी तारकासमूहातील एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत पूर्वी नसलेला एक प्रकाशबिंदू दिसला. दीर्घिकेचे अंतर सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे. पुढील काही महिने जगभरच्या दुर्बिणींनी त्या बिंदूचा पाठपुरावा केला, त्यांत नारायणगावजवळील खोडद येथील आपली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीणही होती.

आता हिशेब पाहू. तेरा कोटी वर्षांचे सेकंद केले तर चारावर पंधरा शून्ये इतके होतात. एवढ्या प्रवासानंतर लहर आणि प्रकाश यांच्या आगमनात दोन सेकंदांचेही अंतर पडले नाही. या गटांनी हिशेब करताना मुद्दाम सावधगिरी बाळगली. दीर्घिकेचे अंतर लहरीच्या नोंदीवरून संभवणारे किमान, म्हणजे सुमारे साडेआठ कोटी प्रकाशवर्षे धरले. दोन्ही एकाच क्षणी निघाले असे मानले, तर लहर प्रकाशाहून फार तर किती जलद असेल ते कळते. उलट प्रकाश दहा सेकंद उशिरा निघाला असे मानले, तर लहर फार तर किती मंद असेल ते कळते. निष्कर्ष असा निघाला की, दोहोंच्या वेगांतील फरक प्रकाशवेगाच्या एकावर पंधरा शून्ये इतक्या भागांपैकी फार तर तीन भाग असू शकेल. यापूर्वी गुरुत्वाकर्षणाच्या वेगाचे इतके सूक्ष्म मापन कधीही झाले नव्हते.

५. कोणते सिद्धांत टिकले, कोणते नाहीत?

या मापनाचा घाव किती खोल होता हे समजण्यासाठी दुसरा एक हिशेब करून पाहावा. प्रसरणाला गती देण्याइतका नवा परिणाम ज्या सिद्धांतांत लहरीच्या वेगावर होतो, तेथे वेगातील फरक सहसा शेकड्यात मोजण्याजोगा असतो. समजा, तो केवळ एक टक्का असता. मग लहर आणि प्रकाश यांच्या आगमनात सुमारे तेरा लाख वर्षांचे अंतर पडले असते. प्रत्यक्षात पडले ते पावणेदोन सेकंदांचे.

डिसेंबर २०१७ मध्ये एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात चार स्वतंत्र गटांचे निबंध प्रसिद्ध झाले, आणि सर्वांचा निर्णय सारखाच होता. हॉर्नडेस्कीच्या चार फलनांपैकी सर्वांत गुंतागुंतीचे जे फलन, ते जवळजवळ पूर्णपणे गळाले. दुसऱ्याचा, वक्रतेशी निगडित असलेल्या फलनाचा, फक्त साधा अंश उरला. क्षेत्राच्या बदलाच्या गतीवर अवलंबून असणारा त्याचा भाग टिकला नाही. चतुर्घाती व पंचघाती गॅलिलिऑन या नावाने ओळखले जाणारे सिद्धांत, ज्यांच्यावर दहा वर्षे शेकडो निबंध लिहिले गेले होते, ते विश्वप्रसरणाचे स्पष्टीकरण म्हणून निकालात निघाले. ब्रान्स-डिके सिद्धांत, वक्रतेच्या फलनावर उभारलेले सिद्धांत आणि साधे अदिश क्षेत्र मानणारे सिद्धांत यांत लहर प्रकाशवेगानेच जाते, त्यामुळे ते या कसोटीतून सुटले. त्रिघाती गॅलिलिऑनही सुटला. परंतु दीर्घिकांची मांडणी आणि आद्य विश्वातून येणारे प्रारण यांच्या परस्परसंबंधाची निरीक्षणे त्याच्या विरोधात गेली होती.

कृष्णद्रव्यावाचून दीर्घिकांची गती समजावून देऊ पाहणाऱ्या सिद्धांतांनाही धक्का बसला. २००४ मध्ये बेकेनस्टाईन यांनी मांडलेल्या सिद्धांतात प्रकाश व गुरुत्वीय लहर यांच्या वाटा वेगवेगळ्या भूमितींतून जातात. हैदराबाद येथील आय. आय. टी.चे शंतनू देसाई आणि त्यांचे परदेशातील सहकारी यांनी दाखविले की, एनजीसी ४९९३ च्या दिशेने कृष्णद्रव्याच्या गुरुत्वामुळे होणारा विलंब सुमारे ४०० दिवसांचा असावयास हवा. तो विलंब प्रकाशाला व्हावा आणि लहरीला होऊ नये, असे मानणारे सिद्धांत यामुळे बाद होतात. त्या विचाराचे अनुयायी येथे थांबले नाहीत. २०२१ मध्ये स्कोर्डिस व झ्लोश्निक यांनी असा नवा सिद्धांत प्रसिद्ध केला, ज्यात लहरीचा वेग प्रकाशाइतकाच राहतो. विशिष्ट सिद्धांत बाद होतो तेव्हा त्यामागील विचार कधी कधी नव्या रूपाने उभा राहतो, त्याचे हे चांगले उदाहरण होय.

६. निर्णयाची मर्यादा

येथवर वाचून ‘आईन्स्टाईन सिद्ध झाला’ असे कोणी म्हणेल, तर ते घाईचे होईल. सिद्ध झाले ते इतकेच की, विशिष्ट कंपनसंख्येच्या गुरुत्वीय लहरी, विश्वाच्या अलीकडच्या काळात आणि आपल्या तुलनेने निकटच्या प्रदेशात, अतिशय सूक्ष्म मर्यादेपर्यंत प्रकाशाच्याच वेगाने जातात. या विधानातील प्रत्येक शब्दाला वजन आहे. तेरा कोटी प्रकाशवर्षे हे अंतर आपणांस प्रचंड वाटते, पण दृश्य विश्वाच्या तुलनेत ती शेजारची गल्ली आहे. फार पूर्वी, कृष्ण ऊर्जेचा प्रभाव वेगळा असताना, लहरीचा वेग वेगळा असू शकला असता काय, याचे उत्तर या एका घटनेत नाही.

२०१८ मध्ये क्लॉडिया द राम आणि स्कॉट मेलव्हिल यांनी आणखी एक मर्मग्राही आक्षेप नोंदविला. विश्वाच्या प्रसरणाचे स्पष्टीकरण करणारे हे पर्यायी सिद्धांत मुळात फार दीर्घ अंतरांसाठी रचलेले आहेत. लायगोने ऐकलेल्या लहरींची कंपनसंख्या सेकंदाला दहांपासून हजारापर्यंत असते, आणि नेमक्या त्याच पट्ट्याच्या आसपास यांतील अनेक सिद्धांतांची स्वतःची मर्यादा संपते. मर्यादेपलीकडे सिद्धांताने काय सांगितले असते हे निश्चित नसल्यामुळे, कमी कंपनसंख्येला वेग वेगळा आणि लायगोच्या पट्ट्यात प्रकाशाइतका, ही शक्यता शिल्लक राहते. हा आक्षेप म्हणजे पळवाट नव्हे. त्याची परीक्षा कशी घ्यावी हेही त्यातच सांगितलेले आहे: अधिक मंद कंपनांच्या लहरी मोजाव्या.

७. पुढील परीक्षा

ही संधी दोन दिशांनी येत आहे. एक म्हणजे युरोपीय अवकाश संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये मंजूर केलेली लीसा योजना. तीन याने एकमेकांपासून पंचवीस लक्ष किलोमीटर अंतरावर राहून मंद कंपनांच्या लहरी नोंदतील. उड्डाण २०३० नंतरच्या दशकाच्या मध्यास अपेक्षित आहे. दुसरी दिशा स्पंदकांच्या वेळा मोजण्याची. जून २०२३ मध्ये जगातील अनेक गटांनी अतिमंद गुरुत्वीय लहरींच्या पार्श्वभूमीचा पुरावा मांडला. त्यांत युरोपीय गटाबरोबर काम करणारा भारतीय गट होता, आणि त्याची निरीक्षणे खोडदच्या दुर्बिणीतून झालेली होती.

वेगाची परीक्षा झाली, क्षीणतेची मात्र अजून व्हावयाची आहे, आणि आमच्या मते पुढील काळातील सर्वांत महत्त्वाची परीक्षा हीच ठरेल. १९८६ मध्ये बर्नार्ड शुट्झ यांनी दाखविले की, गुरुत्वीय लहरीच्या जोरावरून तिच्या उगमाचे अंतर थेट काढता येते. २०१७ च्या घटनेवरून अशा रीतीने विश्वाच्या प्रसरणाचा दरही काढण्यात आला. गुरुत्वस्थिरांक काळाबरोबर बदलत असेल, तर लहरीवरून काढलेले अंतर आणि प्रकाशावरून काढलेले अंतर यांत तफावत पडेल. २०१७ चा उगम यासाठी फार जवळचा होता. अधिक दूरच्या आणि प्रकाशासह दिसणाऱ्या अनेक घटना हव्यात, आणि त्यांची आकाशातील स्थाने अचूक कळण्यासाठी पृथ्वीवर दूरदूर पसरलेले शोधक हवेत. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारावयाच्या लायगो-इंडियाचे महत्त्व यातच आहे. या प्रकल्पास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मंजुरी दिली.

दरम्यान मूळ प्रश्न अधिक ताजा झाला आहे. दीर्घिकांचा नकाशा करणाऱ्या डेसी या प्रकल्पाने २०२४ आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत, कृष्ण ऊर्जा काळाबरोबर बदलत असावी अशी चिन्हे आहेत. ती अद्याप शोध म्हणण्याइतकी बळकट नाहीत. ती टिकली तर वैश्विक स्थिरांकाची साधी कल्पना अपुरी ठरेल, आणि कसोटीतून वाचलेल्या पर्यायी सिद्धांतांकडे पुन्हा वळावे लागेल.

८. उपसंहार

लमेत्र यांच्याविषयी आणखी एक गोष्ट सांगून आम्ही हा लेख संपवितो, कारण या विषयाशी आणि आमच्या वाचकांशी तिचा निकटचा संबंध आहे. नोव्हेंबर १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी एका भाषणात विश्वाच्या आरंभाविषयीचे नवे विज्ञान हे सृष्टिनिर्मितीच्या श्रद्धेला पुष्टी देणारे असल्याचे सूचित केले. लमेत्र स्वतः धर्मगुरू, आणि त्या वैज्ञानिक कल्पनेचे जनकही तेच. तरीही ते या भाषणाने अस्वस्थ झाले. त्यांच्या दृष्टीने ती कल्पना एक वैज्ञानिक उपपत्ती होती. उद्या निरीक्षणाने ती बदलू शकेल, आणि श्रद्धेचा पाया अशा गोष्टीवर घालणे दोहोंनाही हानिकारक होय. त्यांनी व व्हॅटिकन वेधशाळेच्या प्रमुखांनी आपले म्हणणे पोपमहाशयांच्या कानी घातले, आणि पुढील वर्षी खगोलशास्त्रज्ञांसमोर झालेल्या भाषणात तो सूर पुन्हा निघाला नाही.

वर आपण पाहिलेली हकिकत हीच शिकवण देते. ज्या सिद्धांतांवर हुशार माणसांनी दहा-दहा वर्षे खर्ची घातली होती, ते पावणेदोन सेकंदांच्या नोंदीपुढे त्यांनी स्वतःच बाजूस ठेवले, आणि कित्येकांनी तर आपल्याच सिद्धांताविरुद्धचा हिशेब स्वतः लिहून प्रसिद्ध केला. त्याच वेळी निर्णय कोठपर्यंत लागू आहे, याची मर्यादाही त्यांनी उघडपणे सांगितली. विज्ञानाच्या वार्तेवरून कोणी आपणांस विचारले की आईन्स्टाईन खरा ठरला की खोटा, तर कोणत्या कंपनसंख्येला, किती अंतरावर, किती सूक्ष्मतेने, हे आधी विचारावे. उत्तर त्यामुळे लांबेल खरे, परंतु विचारणाऱ्याच्या हाती काही खात्रीचे पडेल.